वरल्या गावाची गस्त

सोपानआप्पा महानवर पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आले तेव्हा मी त्यांना बसा म्हणालो. ते लगेच बसले नाहीत. आधी खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, मग ती हलवून बघितली, मग खाली वाकून चारी पायांवर नजर टाकली आणि मगच अर्ध्या बुडानं टेकले. खुर्ची सरकारी होती. पंधरा वर्षं तीत माणसं बसत होती आणि कुणी पडलं नव्हतं. मी तसं म्हणालोही.

"आजवर कुनी पडलं न्हाई, म्हंजी आता पडायची बारी आली आसंल," आप्पा म्हणाले.

मी दौंडला रेल्वेच्या इंजिनिअरिंग ऑफिसात लिपिक आहे. रूळ सांभाळणाऱ्या माणसांच्या रजा, पास, वारसांची नावं असली कागदं माझ्याकडं येतात. मूळचा शिरूरचा, राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत. बायको मला चहाडखोर म्हणते, मी स्वतःला चौकस म्हणतो. कोण कुठं जातो, कशासाठी जातो, एकटा जातो की कुणाला घेऊन जातो, हे पासाच्या अर्जावरून मला आपोआप कळतं आणि कळलेलं पोटात ठेवायची सवय मला कधी लागली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात होता.

आप्पा होते कीमन. म्हणजे रोज सकाळी हातोडा, पाना आणि लाल-हिरवी निशाणं घेऊन ठरलेल्या पट्ट्यात रुळावरून चालत जाणारा माणूस. रूळ स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात, त्या एकेक बघायच्या आणि ढिली दिसली की ठोकायची. आप्पांचा पट्टा यवतच्या पुढचा, सहा किलोमीटरचा, आणि घर भांडगावला. तीस वर्षं हा माणूस रोज त्याच चाव्या बघत होता आणि एकीवरही त्याचा विश्वास बसला नव्हता.

गाडी आली की कीमननं बाजूला उभं राहून चाकांकडं बघायचं असतं. कुठं काही लोंबतंय का, धूर निघतोय का, ते बघायचं. सगळं ठीक असलं तर शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हिरवं निशाण दाखवायचं. खिडकीत कोण बसलंय हे बघणं त्याचं काम नाही. आप्पांचे मेहुणे किसनमामा शिरूरला असतात. ते एकदा डेमूच्या, म्हणजे पुणे-दौंड पॅसेंजरच्या, दारात उभं राहून "दाजी, ओ दाजी" असं ओरडत, हात हलवत गेले आणि आप्पांनी मान वर केली नाही. मामांनी ते मनात ठेवलं. आप्पांना पुढं कुणी विचारलं तर ते म्हणत, आवाज आला होता, पण आवाज चाकाचा नव्हता.

ही संशयाची खोड कामापुरती नव्हती. बाजारात कलिंगड सगळेच वाजवून घेतात. आप्पा नारळ, मडकं, पाटा आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतलं टेबलही वाजवून बघायचे. कुठलाही अर्ज ते माझ्याकडून वाचून घेत, मग तोच बाहेर नेऊन शिपायाकडून वाचून घेत. दोघांचं वाचणं जुळलं की सही. मला पहिल्यांदा राग आला होता. नंतर शिपायालाही आला, कारण त्याला माझं अक्षर लागायचं नाही आणि आप्पा त्याचा अर्थ भलताच लावायचे.

एका जानेवारीत भल्या सकाळी हातोड्याचा आवाज त्यांना एके ठिकाणी बसका वाटला. वाकून बघितलं तर थंडीनं रूळ तडकला होता. त्यांनी लाल निशाण धरून येणारी गाडी थांबवली. पुढं समारंभ झाला, साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र मिळालं. आप्पांनी स्टेजवरच ते उलटं करून बघितलं. काय शोधताय, साहेबांनी विचारलं. "मागं काय लिवलंय का बघतो, सायेब," आप्पा म्हणाले. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, कारण त्यांनी खरंच बघितलं होतं.

त्यांचं एक वाक्य रुळावर काम करणाऱ्या गँगमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. एका मोसमात बघितलेलं बघितल्यात धरायचं न्हाई. रूळ थंडीत आखडतो, उन्हाळ्यात फुगून वाकडा होतो, पावसाळ्यात त्याच्याखालची खडी खचते. म्हणून रेल्वेच्या गस्तीही वेगवेगळ्या, थंडीची वेगळी, उन्हाची वेगळी, पावसाची वेगळी. आप्पांनी ही रीत संसारालाही लावली होती. भांडगावात कुणी जमिनीचा तुकडा घ्यायचं म्हणालं की ते म्हणत, चारी मोसम बघून या, मग बोला. तोवर तुकडा दुसऱ्यानं घेतलेला असायचा.

असा हा माणूस पास कधी वापरत नसे. रेल्वेच्या माणसाला वर्षाला तीन पास मिळतात. लोक तिरुपती करतात, काशी करतात, मेहुणीच्या लग्नाला जातात. आप्पांचे पास दरवर्षी वाया जायचे. जेजुरीला जायला त्यांना पास लागत नव्हता आणि बायको वारल्यावर दुसरीकडं कुठं जायचं त्यांनी काढलंच नव्हतं. एकुलती एक मुलगी सोनाली. ती हॉटेलचं शिक्षण घेऊन बाहेर कुठं वर्षभर नोकरी करून आली होती आणि आता पुण्याच्या एका हॉटेलात होती. तिला भेटायला ते डेमूनं जात.

आणि एका जानेवारीत आप्पा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्यासमोर आले. पास आता मोबाइलवर निघतो, त्यांना तो भरता येत नव्हता. कुठला पास, मी विचारलं. अंबाला, ते म्हणाले.

मी विचारलं, अंबाल्याला कोण आहे?

"कुनी न्हाई."

"मग?"

"मग काय? पास माझा हाय का तुमचा?"

मी अर्ज भरला, त्यांनी शिपायाकडून वाचून घेतला आणि जम्मूच्या गाडीनं ते गेले. आठ दिवसांनी परतले तेव्हा तोंड काळं ठिक्कर पडलेलं, नाकाची सालं निघालेली आणि चालताना दोन्ही गुडघे आखडलेले. थंडीत गेलेला माणूस उन्हानं भाजून येतो, हे मला काही केल्या कळेना. विचारलं तर म्हणाले, थंडी लई हाय तिकडं.

मे महिन्यात पुन्हा अंबाला. आले ते बरोबर मेंढीच्या लोकरीची पुरचुंडी घेऊन. आप्पा जातीचे धनगर, पण मेंढरं त्यांच्या वडलांच्या काळातच विकलेली. अंबाल्याला लोकर कशाला आणायला जायचं? जुलैत तिसरा पास. या वेळी ते चार दिवस उशिरा आले, रजा वाढवायचा निरोप दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून आला आणि तो फोन बाईचा होता. बाई हिंदीत म्हणाली, भाईसाहब ठीक हैं, रास्ता बंद है. ऑफिसातल्या सगळ्यांना त्यांनी वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी वाटल्या. फोडी मी खाल्ल्या, कागदी पिशवी टाचण्या ठेवायला घेतली आणि मनात हिशेब जुळवून टाकला. अठ्ठावन्न वर्षांचा विधुर, वर्षात तीन फेऱ्या, एकटा, ठावठिकाणा सांगत नाही, आणि फोनवर बाई. याला दुसरं काय म्हणायचं?

मी तो हिशेब मनात ठेवायला हवा होता. पण त्याच रविवारी शिरूरच्या एसटी स्टँडवर किसनमामा भेटले. त्यांनी सोनालीसाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं, रांजणगावच्या कंपनीतला परमनंट मुलगा, घरची बागायत. आप्पा वर्षभर काही बोलत नाहीत म्हणून ते वैतागले होते. दाजींच्या मनात तरी काय हाय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दाजींच्या मनात काय आहे ते माहीत नाही, पण अंबाल्याच्या पलीकडं कुणीतरी आहे. एवढंच म्हणालो. बाकीचं मामांनी चहा संपेपर्यंत स्वतःच रचलं, आणि मीही मान डोलावत राहिलो.

पंधरा दिवसांत यवतच्या ढाब्यावर आप्पांच्या "पहाडी बाई"ला नाव, वय आणि दोन पोरं मिळाली होती.

त्यानंतर सोनाली माझ्या ऑफिसात आली. उंच, सावळी, डोळे अगदी बापाचे. खुर्ची तिनं वाजवली नाही, पण बसताना हात लावून बघितला. मामांनी तिला फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. आप्पांचा पास कुठला निघतो, तिनं विचारलं. मी म्हणालो, नियमानं सांगता येत नाही. ती म्हणाली, मामाला सांगताना नियम नव्हता का? मी टेबलावरची कागदं सारखी करत बसलो.

तेवढ्यात तिची नजर टाचण्यांच्या पिशवीवर गेली. पिशवीवर इंग्रजीत दुकानाचं नाव छापलेलं होतं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात उलटवून न बघितलेली अशी बहुतेक ती एकच वस्तू असावी. सोनालीनं टाचण्या टेबलावर ओतल्या, पिशवी सपाट केली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं त्यानं माझा हिशेब पार कोलमडला.

मनालीच्याही वर, बर्फावर पायाला फळ्या बांधून घसरायचा खेळ चालतो, असं एक ठिकाण आहे. तिथल्या हॉटेलात सोनाली वर्षभर नोकरीला होती आणि हे दुकान त्या हॉटेलच्या खालीच होतं. तिथं रोशन नावाचा मुलगा लोकांना बर्फावर घसरायला शिकवतो. दोघांचं जमलं. मागच्या दिवाळीत तिनं आप्पांना सरळ सांगितलं, मला याच्याशी लग्न करायचंय. आप्पा चिडले नाहीत, रडले नाहीत, हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. वरीसभर थांब, एवढंच म्हणाले. ती थांबली होती. आणि आता कळत होतं की त्या वर्षात बाप तीनदा तिथं जाऊन आला होता, तिला न सांगता.

तिनं तिथूनच, माझ्यासमोर, रोशनला फोन लावला. माझे वडील तिकडं आले होते का? पलीकडून तो हसून म्हणाला की इथं रोज पाचशे माणसं येतात, मी कुणाकुणाला ओळखू? तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे दोघांतला एक जण मला फसवतोय," ती म्हणाली. "कोण ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायची भीती वाटतेय."

ती आप्पांना काही विचारणार नव्हती. वरीस संपेपर्यंत थांबते, मग आपली वाट आपण धरते, असं म्हणून ती गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल, लागली. पण सकाळी उठल्यापासून एकच चित्र डोळ्यांपुढं येई. आप्पांचा हातोडा पिशवीत, आणि समोर तो पोरगा. आप्पा तिकडं लग्न मोडायला जातात, दमदाटी करायला जातात, याबद्दल आता मला शंका उरली नव्हती. बाईचा संशय गेला, त्याच्या जागी हा बसला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

नोव्हेंबरात आप्पा चौथ्यांदा आले. तिन्ही पास संपले होते. सवलतीच्या तिकिटाचा अर्ज भरायचा होता. मी धीर करून विचारलं, आप्पा, कशासाठी जाताय? ते म्हणाले, गस्तीला. आणि शिपायाकडं वाचून घ्यायला निघून गेले.

ते परतल्याचं कळलं त्या दिवशी मी रजा टाकली, सकाळची डेमू धरली आणि यवतला उतरून रुळाच्या कडेनं चालत सुटलो. दीड किलोमीटरवर नारिंगी जाकीट दिसलं. आप्पांनी मला बघितलं, पण थांबले नाहीत. मी शेजारून चालू लागलो आणि जे पोटात होतं ते सगळं ओकलो. शिरूरचा स्टँड, मामा, चहा, सोनाली, पिशवी, फोन. मी म्हणालो, तुमच्या नावाची बदनामी माझ्यामुळं झाली, मला माफ करा.

आप्पांनी एक चावी ठोकली, दुसरी ठोकली.

"तुमच्यावर तर पयल्यापासनंच संशय व्हता, बाबूसाहेब. म्हनून तर तुमच्याकडनंच पास काढत व्हतो."

मला काही उमगेना.

"ढिली चावी कंची ते ठावं आसलं म्हंजी काम सोपं जातं," ते म्हणाले. मग हळूहळू उलगडा झाला. किसनमामा रांजणगावच्या स्थळासाठी हटून बसले होते आणि आप्पांना वर्ष पुरं करायचं होतं. मेहुण्याला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. मग बदनामी पसरली आणि बापाचीच भानगड असलेल्या घरात कशाला पडायचं म्हणून त्या स्थळानं आपणहूनच पाय मागं घेतला. माझ्या चहाडीचा त्यांनी असा उपयोग करून घेतला होता. मला लाज वाटावी की राग यावा हेच कळेना.

मग ते बोलत गेले आणि ठोकत गेले. त्या गावाचं नाव त्यांना नीट घेता येत नसे, ते "वरलं गाव" म्हणत.

जानेवारीत गेले तर सगळं बर्फाखाली. त्यांना तिथंच पहिला संशय आला. बर्फाखाली घरं, रस्ते, उकिरडे सगळं एकसारखं पांढरं दिसतं, मग खालचं कळायचं कसं? लोकांना वर नेणारा पाळणा आहे, त्याच्या खांबाचे नट त्यांनी हातोड्यानं वाजवून बघितले, तर राखणदारानं धरलं. एक पोरगा मध्ये पडला, म्हणाला, बुजुर्ग आहेत, सोडा. तोच रोशन. आप्पांनी आपण कोण ते सांगितलं नाही. गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडं फळ्या बांधून शिकायला उभे राहिले. बर्फावरून उलटून येणाऱ्या उन्हानं तोंड भाजलं ते तेव्हाच.

"बारा येळा पडलो," आप्पा म्हणाले. "त्यातलं चार येळा खरं. बाकीचं मुद्दाम. बघायचं व्हतं, पोरगं आधी हात देतं का आधी हसतं."

"मग?"

"हसला. पर हात दिऊन हसला."

एवढ्यावर समाधान होणारा माणूस तो नव्हे. गिऱ्हाइकाच्या मोसमात कुणीही गोड बोलतो. म्हणून मे महिन्यात. बर्फ वितळलं होतं, खालची खडी आणि चिखल उघडा पडला होता, गावातले मेंढपाळ मेंढरं घेऊन वर निघाले होते. त्यांतला एक रोशनचा चुलता निघाला. आप्पा एक सकाळभर त्याच्या मेंढरांत बसले, खूर बघितले, दात बघितले. माणसं खोटं बोलतात, मेंढराचा खूर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. चुलत्यानं निघताना त्यांना लोकर दिली. खूर चांगले होते. तरीही आप्पा जुलैत गेलेच, कारण घराची परीक्षा पावसात होते. दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि त्यांना चार दिवस मुक्काम पडला. मुक्काम कुठं? रोशनची आई पाहुणे ठेवते, तिच्याच घरी. मला जिचा फोन आला होता ती पहाडी बाई हीच. एके ठिकाणी छप्पर गळत होतं. खाली कोणतं भांडं ठेवतात हेही आप्पांनी बघितलं, आणि जेवायला घरातली बाई कधी बसते तेही. ती सगळ्यांबरोबर बसत होती.

"आणि आता, शेवटी?" मी विचारलं.

आप्पा थांबले. पहिल्यांदाच त्यांनी हातोडा खाली टेकवला. नोव्हेंबरात वरल्या गावात कुणी नसतं, ते म्हणाले. सफरचंद उतरवून झालेलं, बर्फ पडायचं असतं, गिऱ्हाईक नाही, काम नाही. रिकामा माणूस काय करतो ते त्यांना बघायचं होतं. दारू पितो, पत्ते कुटतो, की झोपून राहतो. ते आडून आडून गेले. रोशन एका बंद शेडमध्ये एकटा बसला होता. पुढ्यात भाड्यानं द्यायच्या त्या फळ्यांचा ढीग. बूट अडकवायचा लोखंडी चाप तो एकेक उघडून बघत होता, छोट्या हातोडीनं वाजवत होता, कानाशी नेत होता.

"मला बरं वाटलं," आप्पा म्हणाले. "आन् लगीच वाटलं, ह्यानं मला बघितलं तर न्हाई? मला दाखवायलाच तर करत न्हाई?"

ते तसेच दाराशी उभे राहिले. पोरानं मान वर न करता दोन पेल्यांत चहा ओतला आणि चक्क मराठीत म्हणाला, आप्पा, चहा घ्या.

त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जानेवारीत चहाच्या टपरीवर आप्पांनी खुर्ची वाजवली तेव्हाच त्यानं ओळखलं होतं, कारण सोनालीनं बापाची ही खोड त्याला हसत हसत सांगितली होती. मग माझ्या लेकीला का नाही सांगितलंस, आप्पांनी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तिनं तुम्हाला विचारलं असतं, तुम्ही यायचं बंद केलं असतं आणि बघणं अर्धंच राहिलं असतं. अर्धं बघून तुम्ही हो म्हणाला नसता.

"आता तुमीच सांगा, बाबूसाहेब," आप्पा मला म्हणाले. "जे पोरगं वरीसभर माझ्यासाठी गप बसलं, माझ्या लेकीपासनं लपवून, त्येला घट म्हनायचं का ढिलं?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खरंखुरं मत विचारत होतं आणि माझ्याकडं ते नव्हतं. आप्पाही उत्तराला थांबले नव्हते. लांबून गाडीचा आवाज आला तसे ते बाजूला झाले आणि चाकांकडं बघू लागले.

त्यांनी सोनालीला सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच. ती दहा दिवस दोघांशी बोलली नाही. बापानं तिचं माणूस कलिंगडासारखं वाजवून घेतलं याचा राग, आणि त्या माणसानं ते वाजवून दिलं याचा त्याहून मोठा राग. अकराव्या दिवशी तिनं मला फोन केला. दोघं सारखेच आहेत, म्हणाली, आता मी काय करू. लग्न करते, म्हणाली. पण एक गोष्ट तिला टोचत होती. आप्पा अजूनही हो म्हणाले नव्हते. तिनं सरळ विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "मी न्हाई म्हनत न्हाई."

"जन्मभर मी 'न्हाई म्हनत न्हाई'वर जगायचं का?" तिनं मला विचारलं.

लग्न यवतच्या मंगल कार्यालयात झालं. वरल्या गावचे पाहुणे रंगीत पट्टीच्या टोप्या घालून आले आणि मार्चच्या उन्हानं हैराण झाले. किसनमामांनी तोंड फुगवून का होईना, अक्षता टाकल्या. आप्पांनी मांडवाचे खांब वाजवले, आचाऱ्याची कढई वाजवली, विहिणीच्या पाया पडले. हो म्हणाले नाहीत. मी लक्ष ठेवून होतो. सोनालीही होती.

दुसऱ्या दिवशी नवरानवरी जम्मूच्या गाडीनं निघायची होती. गाडी दौंडला थांबते, पण मधनं चढायचं नाही, गाडी सुटते तिथनंच बसायचं, असा आप्पांचा हुकूम. म्हणून सगळे पुण्याला गेले. आप्पा मात्र आले नाहीत. ड्युटी हाय, म्हणाले. कीमनची ड्युटी संध्याकाळच्या गाडीपर्यंत नसते हे मला ठाऊक होतं, आणि सोनालीलाही ठाऊक होतं. मला त्यांनी सांगितलं, "दौंडपातुर तुमी संगं जावा. तुमाला बोलायचं आंग हाय, पोरीला बोलत ठिवा."

पण मला बोलायचं सुचलं नाही. उरुळी गेलं. सोनाली उठून दाराशी आली, तिच्यामागं रोशन, आणि मी पलीकडचा दांडा धरून उभा. यवत स्टेशन मागं पडलं. ऊन कलतं होतं. रोशननं लांबून नारिंगी जाकीट बघितलं आणि हात वर केला. सोनालीनं त्याचा हात धरून खाली घेतला.

"हाथ मत हिलाओ," ती म्हणाली. "वो पहिए देखेंगे."

आप्पा रुळापासून चार हात लांब, किंचित वाकून उभे होते. एका हातात हातोडा, दुसऱ्यात गुंडाळलेली निशाणं. आमचा डबा त्यांच्यासमोरून गेला. पाच हातांवर त्यांची एकुलती एक लेक दारात उभी होती आणि त्यांची नजर तिच्या पायाखालच्या चाकावर होती. मला तेव्हा त्यांचा राग आला. एकदा, फक्त एकदा मान वर करायला काय जात होतं या माणसाचं? सोनाली दारातून आत सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मी तसाच बाहेर वाकून मागं बघत राहिलो. डब्यामागून डबा जात होता आणि आप्पांची मान प्रत्येक चाकाबरोबर हलत होती. शेवटचा डबा गेला. ते सरळ उभे राहिले, दोन्ही रुळांच्या मधोमध आले, आणि हात वर केला. गार्ड बघून केव्हाच आत गेला असेल. पण निशाण खाली येईना. गाडी वळणाला लागली, नारिंगी ठिपका दिसेनासा होत आला, तरी हात वरच होता.

मी आत आलो. सोनाली माझ्याकडं बघत होती.

"काय दाखवलं?"

"हिरवं."

"नक्की? तुम्ही स्वतः बघितलं?"

बापाचेच डोळे. त्या डोळ्यांपुढं मी एक शब्दही वाढवून सांगितला नाही.

"स्वतः बघितलं," मी म्हणालो. "हिरवं होतं."